उर्फची नोंद : ई-मेलचे पर्यायी पत्ते आणि त्यांची निर्देशिका

एका माणसाची किंवा एका ठिकाणाची दोन नावे व्यवहारात चालत असतील, तर ती दोन्ही एकाच जागी जाऊन पोचतात हे सांगण्यासाठी मराठी कागदपत्रांत ‘उर्फ’ हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या वापरला जात आहे; सातबाऱ्यावर, खरेदीखतात, मतदार यादीत तो सहज आढळतो, आणि तो लिहायचा राहून गेला तर वारसांना कचेरीचे खेटे घालावे लागतात. ई-मेलच्या व्यवस्थेत हेच काम करणाऱ्या नोंदीला ‘एलियस’ म्हणतात. एलियस म्हणजे स्वतःची टपालपेटी नसलेला पत्ता : त्यावर आलेले पत्र मेल सर्व्हर तिथे साठवून ठेवत नाही, तर नोंदीत दिलेल्या खऱ्या पत्त्यावर, किंवा एकाहून अधिक पत्त्यांवर, पुढे धाडतो. नोंद इतकी साधी आहे की तिच्या सांभाळणुकीविषयी वेगळे काही सांगण्यासारखे असेल असे वाटत नाही. पण ती नोंद कुठे ठेवली आहे, ती कोण बदलू शकतो आणि बदलल्यावर ती सगळीकडे पोचते का, हे तीन प्रश्न कुणी वेळेवर विचारलेले नसले, की कारखान्याची वा कार्यालयाची पत्रे नेमकी इथेच हरवू लागतात.

अहिल्यानगर शहरातून मनमाड रस्त्याने निघाल्यावर सीना नदीपलीकडे लागणारे नागापूर हे पत्त्यांच्या या प्रश्नाचे चांगले उदाहरण आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजे एमआयडीसीची, नगरची वसाहत या गावाला लागून असल्यामुळे ‘नागापूर एमआयडीसी’ हे नाव राज्यभरच्या खरेदी-विक्रीच्या कागदांवर उमटत असते, आणि ते ‘नागपूर’ या नावापासून केवळ एका कान्याने वेगळे आहे. रोमन लिपीत तर हे अंतर एका ‘ए’पुरतेच उरते. टपाल खात्याने असल्या गोंधळावर काढलेला तोडगा म्हणजे १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली पिनकोडची पद्धत, आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृत कवी म्हणूनही ओळखले जाणारे मराठी अधिकारी होते. लिफाफ्यावर ४१४१११ हा क्रमांक असला की पहिल्या तीन अंकांनी पत्र नगरच्या वर्गीकरण जिल्ह्यात येते, पुढच्या तीन अंकांनी विशिष्ट टपाल कार्यालयापर्यंत जाते, आणि कान्याची चूक झालेली असली तरी ते विदर्भाकडे जात नाही. माणसांनी सोयीची नावे वापरावीत, पण अखेरचा निवाडा सर्वांसाठी एकच असलेल्या यादीतून व्हावा, हे या पद्धतीचे सूत्र होय. ई-मेलच्या एलियसांना तेच सूत्र लागू पडते.

औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या मध्यम आकाराच्या टर्निंग शॉपचा दिवस पाहिला तर एलियसची गरज लगेच ध्यानात येते. मोठ्या कारखान्याकडून ड्रॉइंग आणि पी. ओ., म्हणजे खरेदीची ऑर्डर, येते, ते आधी प्लॅनिंगला आणि मग स्टोअरला हवे असते; रिजेक्शनची तक्रार क्वालिटीकडे जायला हवी; महावितरणचे बिल, भविष्य निर्वाह निधीची सूचना, जीएसटीची नोटीस हे अकाउंट्सचे काम. पत्र पाठवणाऱ्याला आत कोण कोणत्या खुर्चीवर बसते हे ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याचे कारणही नसते, म्हणून ‘पर्चेस’, ‘डिस्पॅच’, ‘क्वालिटी’ असे कामाच्या नावाचे पत्ते बाहेर द्यायचे आणि त्यामागची माणसे आतल्या आत बदलत ठेवायची, हा व्यवहार्य मार्ग ठरतो. इंटरनेटच्या नियमावलीत यासाठी १९९७ साली निघालेला, २१४२ क्रमांकाचा एक स्वतंत्र दस्तऐवज आहे. विक्रीसाठी ‘सेल्स’, मदतीसाठी ‘सपोर्ट’, गैरवापराच्या तक्रारीसाठी ‘अब्यूज’ अशी कामांची नावे त्यात सुचवली आहेत. ‘पोस्टमास्टर’ हा पत्ता तर मेल स्वीकारणाऱ्या प्रत्येक डोमेनवर चालू असणे बंधनकारक आहे, कारण टपाल बिघडले तर त्याविषयीचे पत्र पाठवायला एक तरी खात्रीचे दार हवे.

या नोंदी प्रथम साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवल्या जात. बर्कली विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी लिहिलेल्या आणि १९८०च्या दशकात युनिक्स यंत्रांवर सर्वत्र पसरलेल्या सेंडमेल या प्रोग्रॅमची ‘एलियसेस’ नावाची फाइल होती. तिच्या प्रत्येक ओळीत डावीकडे पर्यायी नाव, मग विसर्गासारखे दोन टिंबांचे चिन्ह आणि उजवीकडे स्वल्पविरामाने तोडलेली खरी नावे असत. म्हणजे ‘पर्चेस : स्टोअर, अकाउंट्स’ अशी एक ओळ लिहिली की खरेदीच्या नावाने आलेले पत्र दोन टेबलांवर पोचे. मात्र सेंडमेल ही फाइल थेट वाचत नसे, तर तिच्यावरून तयार केलेली, चटकन शोधता येणारी अनुक्रमणिका वाचत असे, आणि ती अनुक्रमणिका नव्याने बांधण्यासाठी ‘न्यू-एलियसेस’ ही आज्ञा द्यावी लागे. फाइल दुरुस्त केली पण आज्ञा द्यायची राहिली, त्यामुळे डोळ्यांना नवी नोंद दिसते आणि पत्र मात्र जुन्या माणसाकडे जात राहते, ही चूक त्या काळच्या प्रशासकांच्या अंगवळणीच पडलेली होती. नोंद लिहिणे आणि नोंद अमलात येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एलियसच्या बाबतीत आजही विसरून चालत नाही.

यंत्रे एकाची दहा झाली तेव्हा प्रत्येक यंत्रावर तीच फाइल ठेवणे आणि ती प्रत्येक ठिकाणी एकसारखी राखणे अवघड होऊन बसले. पुण्यात जन्मलेले विनोद खोसला ज्या कंपनीच्या चार संस्थापकांपैकी एक होते, त्या १९८२ साली स्थापन झालेल्या सन मायक्रोसिस्टिम्सने यावर नेटवर्कमधून चालणारी नोंदवही काढली : वापरकर्त्यांची, यंत्रांची आणि एलियसांची यादी एका मुख्य सर्व्हरवर ठेवायची, तिच्या प्रती काही दुय्यम सर्व्हरांवर पाठवायच्या आणि बाकीच्या यंत्रांनी गरज पडेल तेव्हा त्यांना विचारायचे. या सेवेचे पहिले नाव ‘यलो पेजेस’ होते. परंतु ते नाव ब्रिटनमध्ये ब्रिटिश टेलिकॉमच्या मालकीचे असल्यामुळे सेवेला ‘नेटवर्क इन्फर्मेशन सर्व्हिस’, म्हणजे एनआयएस, असे नवे नाव द्यावे लागले. तिच्या आज्ञा मात्र अजूनही ‘वायपी’ या जुन्या आद्याक्षरांनीच सुरू होतात. नावांची नोंद ठेवणारी ही सेवा स्वतःच ‘एनआयएस उर्फ वायपी’ होऊन बसली, आणि एकदा लोकांच्या हातात रुळलेले नाव मागे घेता येत नाही याचा तो जिवंत पुरावा आहे.

एनआयएसमधील यादीला ‘मॅप’ म्हणत, आणि हा मॅप सपाट असे : एका स्तंभात किल्ली, दुसऱ्यात किंमत, त्यापलीकडे काही नाही. एका विभागाने आपलेच एलियस सांभाळावेत अशी वाटणी त्यात करता येत नसे, एक नोंद बदलली तरी पूर्ण मॅप पुन्हा बांधून दुय्यम सर्व्हरांकडे पाठवावा लागे, आणि नेटवर्कवर असलेल्या कोणालाही तो सहज वाचता येई, हे सर्वांत वाईट. सनने १९९०च्या दशकात ‘एनआयएस प्लस’ ही अधिक सुरक्षित आणि अधिक गुंतागुंतीची आवृत्ती आणली, तिच्यात एलियसांसाठी वेगळी आज्ञाही दिली, पण ती रुजली नाही; पुढे सोलारिस या ऑपरेटिंग सिस्टिमच्या अकराव्या आवृत्तीतून ती वगळण्यातही आली.

जे रुजले ते एलडॅप. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने १९८८ साली एक्स-५०० नावाचे निर्देशिकेचे भारदस्त मानक ठरवले होते, आणि त्याचा भार लहान यंत्रांना पेलत नसल्यामुळे मिशिगन विद्यापीठातील टिम हाउज यांनी सहकाऱ्यांसह त्याची हलकी पद्धत घडवली. तिचा पहिला नियमदस्तऐवज १९९३चा आहे. ‘निर्देशिका’ किंवा ‘डिरेक्टरी’ म्हणजे वारंवार वाचण्यासाठी आणि क्वचित बदलण्यासाठी बांधलेली, झाडासारख्या रचनेची माहितीची वही. या झाडातील प्रत्येक नोंदीला एक पूर्ण नाव असते आणि ते पानापासून मुळाकडे वाचले जाते. मराठी वाचकाला ही रचना परकी वाटू नये, कारण ‘मु. पो. नागापूर, ता. नगर, जि. अहिल्यानगर’ हा पत्ता त्याच पद्धतीने लिहिलेला असतो : लहान घटक आधी, मोठा नंतर, आणि प्रत्येक घटकाच्या मागे तो गाव आहे, तालुका आहे की जिल्हा हे सांगणारी खूण. एलडॅपच्या नावातही ‘अमुक हे सामान्य नाव’, ‘अमुक हा विभाग’, ‘अमुक ही संस्था’ अशा खुणा लावलेल्या असतात. मुक्कामपोस्ट, तालुका आणि जिल्हा लिहिण्याची सवय ज्याच्या हाताला आहे त्याने या तंत्रातले निम्मे आधीच शिकून घेतले आहे, असे म्हणायला हरकत नाही.

या झाडात एलियसची नोंद कशी दिसते ते जवळून पाहण्यासारखे आहे. सनच्या परंपरेतून आलेल्या आणि ओपनएलडॅप या एलडॅप-सर्व्हरमध्येही मिळणाऱ्या ‘निस-मेल-एलियस’ या प्रकारच्या नोंदीत दोनच महत्त्वाचे रकाने असतात : सामान्य नाव, म्हणजे एलियस, आणि सदस्याचा पत्ता. दुसरा रकाना कितीही वेळा भरता येतो, त्यामुळे ‘क्वालिटी’ या नावाखाली तीन निरीक्षकांचे तीन पत्ते ठेवता येतात आणि एक जण गेला की बाकीच्यांना धक्का न लावता तेवढीच एक किंमत काढता येते. पोस्टफिक्ससारखा मेल सर्व्हर पत्र हाती येताच निर्देशिकेला विचारतो की या पत्त्याची नोंद आहे का, आणि उत्तरात आलेल्या पत्त्यांवर पत्र वळवतो. वेगळी आज्ञा द्यावी लागत नाही, नोंद बदलली की पुढच्याच पत्रापासून ती लागू होते. मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत रचना उलट बाजूने बांधलेली आहे : तिथे एलियसला स्वतंत्र नोंद नसते, तर माणसाच्याच नोंदीत ‘प्रॉक्सी ॲड्रेसेस’ नावाचा रकाना असतो आणि त्यात त्याचे सगळे पत्ते एकाखाली एक लिहिलेले असतात. यांपैकी ज्याच्या आधी ‘एसएमटीपी’ ही चार अक्षरे रोमन लिपीच्या मोठ्या वळणात लिहिलेली असतात तो मुख्य पत्ता, आणि ज्यांच्या आधी ती लहान वळणात असतात ते सगळे पर्यायी. बाहेर जाणाऱ्या पत्रावर कोणते नाव छापले जाईल याचा निर्णय केवळ अक्षरांच्या मोठ्या-लहान वळणावर टांगलेला असल्याने, घाईत भरलेल्या रकान्यामुळे कारखान्याच्या मालकाची पत्रे एखाद्या जुन्याच नावाने ग्राहकांकडे जाऊ लागणे अगदी शक्य असते.

नोंदी एका जागी आणल्या की पुढचा प्रश्न त्यांच्या अधिकाराचा, आणि इथे महाराष्ट्राच्या महसूल व्यवस्थेकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. सातबारा हा गाव नमुना सात आणि बारा यांचा मिळून झालेला उतारा. पण त्यावरचे नाव थेट खोडून कोणी बदलत नाही. आधी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद घातली जाते, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी मुदत ठेवली जाते, मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो, आणि मगच सातबाऱ्यावर नवे नाव फेरफार क्रमांकासह चढते. एलियसच्या निर्देशिकेला अशाच फेरफाराची गरज असते : नोंद कोणी, कधी, कोणाच्या सांगण्यावरून बदलली, हे कळले पाहिजे. एलडॅपच्या सर्व्हरवर बदलांची नोंद ठेवता येते, गटाच्या नोंदीत ‘ओनर’ म्हणजे मालक नावाचा रकाना उपलब्ध असतो, आणि झाडाच्या एका फांदीपुरते अधिकार एका विभागाला देता येतात, त्यामुळे क्वालिटी विभागाचा प्रमुख आपल्या माणसांची नावे स्वतः बदलू शकतो पण अकाउंट्सच्या नोंदीला हात लावू शकत नाही. हे सगळे तंत्रात असते. मात्र मालकाचा रकाना बहुतेक वेळा रिकामाच राहतो, कारण तो भरल्याशिवायही पत्र पोचते.

एलियसविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे आणि तो थोडे थांबून दूर करायला हवा. अनेक सदस्यांचा एलियस आणि पत्रव्यवहार-यादी, म्हणजे मेलिंग लिस्ट, या दोन्ही गोष्टी वरून सारख्याच दिसतात, पण मेल वाहतुकीच्या नियमांत त्यांच्यात एक नेमका फरक केलेला आहे. प्रत्येक ई-मेलला एक आतला कागद असतो आणि एक अदृश्य लिफाफा. पत्र पोचले नाही तर ते कोणाकडे परत करायचे हा पत्ता लिफाफ्यावर असतो. एलियस फक्त पोचवण्याचे नाव बदलतो आणि परतीचा पत्ता मूळ पाठवणाऱ्याचाच ठेवतो; यादी मात्र परतीच्या पत्त्याच्या जागी आपल्या व्यवस्थापकाचा पत्ता घालते. त्यामुळे ‘क्वालिटी’ या एलियसमधील एका निरीक्षकाची टपालपेटी बंद पडली असेल, तर नापोच झाल्याची सूचना कारखान्याला न मिळता पुण्यातल्या वा चाकणमधल्या ग्राहकाला जाते, आणि ज्याने ती नोंद दुरुस्त करायची त्याला काहीच कळत नाही. सदस्यसंख्या वाढली की एलियस सोडून यादीकडे जावे, असे जाणकार सांगतात ते याच कारणाने.

परतीचा पत्ता तसाच राहिल्यामुळे अलीकडे आणखी एक अडचण निर्माण झाली आहे, आणि लहान उद्योगांना तीच सर्वाधिक भोवते. पुष्कळ ठिकाणी ‘अकाउंट्स’चा एलियस थेट शहरातल्या कर सल्लागाराच्या खासगी, फुकट मिळणाऱ्या मेलपेटीकडे वळवलेला असतो. बँकेचे पत्र कारखान्याच्या सर्व्हरवर येते आणि तिथून पुढे धाडले जाते. घेणारा सर्व्हर पाहतो की पत्र बँकेच्या नावाने आले आहे पण आणून देणारे यंत्र बँकेच्या परवानगीच्या यादीत नाही. ही परवानगीची यादी तपासण्याच्या पद्धतीला ‘एसपीएफ’ म्हणतात, आणि तिच्या दृष्टीने असे पत्र तोतया ठरते. मग ते स्पॅममध्ये टाकले जाते किंवा नाकारले जाते. पत्रावर पाठवणाऱ्याने उमटवलेली ‘डीकिम’ची अंकीय मुद्रा शाबूत राहिली तर ते वाचते, पण वाटेतल्या सर्व्हरने मजकुराखाली एखादी ओळ जोडली तरी ती मुद्रा मोडते. म्हणून एलियस संस्थेच्या आतच संपावा आणि बाहेरच्या माणसाला संस्थेतलीच एक टपालपेटी उघडून द्यावी, हा नियम पाळलेला बरा. दोन एलियस एकमेकांकडे बोट दाखवू लागले तर पत्र गोल गोल फिरते हा धोका त्यामानाने किरकोळ आहे, कारण पत्रावर उमटलेले टप्पे मोजून सर्व्हर ते फिरणे तोडतो.

माणूस गेल्यावर पत्ता कोणाचा, या प्रश्नावर सरकारी व्यवस्थेने घेतलेली भूमिका स्पष्ट आहे. केंद्र सरकारच्या २०१५ साली राजपत्रात आलेल्या ई-मेल धोरणात अधिकाऱ्याला दोन पत्ते देण्याची तरतूद होती, एक नावाचा आणि एक पदाचा. बदली किंवा निवृत्तीच्या वेळी पदाचा पत्ता पुढच्या माणसाकडे सोपवायचा असे. चार्ज देताना किल्ल्या, शिक्के आणि दप्तर सोपवण्याची जी जुनी रीत आहे, तिच्यात एका पत्त्याची भर पडली इतकेच. खासगी कारखान्यात मात्र उलट चित्र आढळते : जीएसटीच्या किंवा भविष्य निर्वाह निधीच्या संकेतस्थळावर नोंदलेला पत्ता कधीकाळच्या अकाउंटंटचा वैयक्तिक असतो, आणि तो नोकरी सोडून गेल्यावर ओटीपी कुणाच्या मोबाइलवर आणि कुणाच्या मेलवर जातो याचा शोध घेत दिवस वाया जातात. तिथे एलियस नोंदवलेला असता तर निर्देशिकेतली एक किंमत बदलून काम झाले असते.

देवनागरी पत्त्यांचा प्रश्नही याच वाटेवर उभा आहे. ‘.भारत’ हे डोमेन २०१४ पासून उपलब्ध आहे आणि रोमनेतर लिपींतील ई-मेल पत्त्यांची नियमावली २०१२ची आहे, परंतु जगातले सगळे सर्व्हर असे पत्ते स्वीकारत नाहीत. म्हणून देवनागरी पत्ता घेणाऱ्याला जोडीला एक रोमन एलियस ठेवावा लागतो. निर्देशिकेच्या रचनेत याहून खोल अडथळा आहे : एलडॅपमधील सामान्य नावाच्या रकान्यात मराठी अक्षरे बिनदिक्कत लिहिता येतात, पण ‘मेल’ या रकान्याचा साचा केवळ मूळ रोमन अक्षरसंचापुरता आखलेला आहे. परिणामी नोंदीच्या माथ्यावर ‘खरेदी विभाग, नागापूर’ असे शुद्ध मराठीत लिहिता येते, आणि खाली पत्त्याच्या जागी ते नाव रोमनमध्ये उतरवावे लागते, जिथे नागापूर आणि नागपूर पुन्हा एका अक्षराच्या अंतरावर येतात. या एका ठिकाणासाठी चुकीच्या स्पेलिंगचाही एलियस मुद्दाम ठेवणे शहाणपणाचे ठरते.

नावे बदलतात तेव्हा एलियसचा खरा कस लागतो. लार्सन अँड टुब्रोचा विद्युत आणि स्वयंचलन विभाग, ज्यात नगरचा स्विचगिअर कारखानाही होता, तो २०२० साली श्नायडर इलेक्ट्रिककडे गेला. अशा हस्तांतरात हजारो पत्त्यांचे डोमेनच बदलते. ऑक्टोबर २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, आणि ज्या ज्या संस्थेच्या पत्त्यात जुने नाव गुंफलेले होते तिच्यासमोर जुन्या-नव्याची सांगड घालण्याचे काम आले. नवा पत्ता मुख्य करायचा आणि जुना पर्यायी म्हणून चालू ठेवायचा, ही पहिली पायरी सोपी आहे. जुना पत्ता बंद केव्हा करायचा हे ठरवणे कठीण. मेल सर्व्हरच्या नोंदीतून जुन्या नावाने किती पत्रे येतात हे मोजता येते, पण महिनाभर एकही पत्र आले नाही म्हणून तो पत्ता मेला असे समजणे धोक्याचे आहे, कारण गेजच्या कॅलिब्रेशनचे प्रमाणपत्र, विम्याच्या नूतनीकरणाची सूचना, फॅक्टरी परवान्याचे स्मरणपत्र यांसारखी पत्रे वर्षातून एकदाच येतात आणि तीच चुकली तर महागात पडते. निदान एक पूर्ण आर्थिक वर्ष, मार्चअखेरीसकट, जुन्या नावावरची आवक तपासावी, जे अजून त्या नावाने लिहितात त्यांना एकेकाला नवा पत्ता कळवावा, आणि त्यानंतर नोंद काढताना पत्र मुकाट्याने गिळून टाकणारा एलियस मागे ठेवू नये. मेल वाहतुकीच्या नियमांत ५५१ क्रमांकाचे एक उत्तर आहे : हा माणूस इथे नाही, अमुक पत्त्यावर लिहून पाहा. नवा पत्ता उघडपणे सांगणे धोक्याचे वाटत असेल तर ५५० हा साधा नकार द्यावा, म्हणजे पाठवणाऱ्याला पत्र परत मिळते आणि तो फोन उचलून विचारतो.